दाढी धुणं आणि कंडिशनर लावणं: खुर्चीत बसल्यावर विचारले जाणारे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात माझं सलून आहे. त्याआधी सहा वर्षं दादरला एका सलूनमध्ये काम केलं. वडिलांच्या काळात गिऱ्हाईक यायचं ते दाढी करायला. आता निम्मी तरुण मंडळी येतात ती दाढी ठेवायला, म्हणजे आकार देऊन, कडा कोरून घ्यायला. वस्तरा कसा धरायचा ते वडिलांनी शिकवलं. वाढलेली दाढी कशी धुवायची हे मात्र घरात कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं मोबाइलवर बघतात, सातशे-आठशे रुपयांचा डबा मागवतात आणि महिन्याभरात खाजवत माझ्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांच्याशी रोज जे बोलणं होतं, तेच इथे लिहून ठेवतोय.

अंगाला लावतो तोच साबण दाढीला लावला तर काय बिघडतं?

बिघडतं, पण हळूहळू, त्यामुळे साबणावर संशय जात नाही. चेहऱ्याची कातडी किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर साबणाच्या वडीचा ९ ते १०. (शेतकरी गिऱ्हाइकांना हे लगेच पटतं, कारण माती परीक्षणाच्या कागदावर त्यांनी सामू पाहिलेला असतो.) साबण कातडीवरचं तेल खेचून काढतो. दाढीचा केस मुळातच डोक्याच्या केसापेक्षा जाड आणि राठ, त्यात तेल गेलं की तो वाळक्या गवतासारखा उभा राहतो.

यावर महागाचा 'बिअर्ड वॉश'च घ्यायला हवा असं काही नाही. डोक्याचा सौम्य शॅम्पू चालतो. एक रुपयाच्या पुडीत दाढीचं दोनदा भागतं. तुमच्यासाठी तो सौम्य आहे की नाही, हे बाटलीवर वाचून कळत नाही. दाढी धुवा, टिपा आणि काहीही न लावता पंधरा मिनिटं बसा. गाल ताणल्यासारखे वाटले, हसताना कातडी ओढली गेली, तर तो शॅम्पू तुमच्यासाठी कडक आहे.

आठवड्यातून किती वेळा धुवायची?

सुरुवात दोनदा शॅम्पूने करा, समजा बुधवारी आणि रविवारी. बाकीचे दिवस नुसत्या पाण्याने, बोटं कातडीपर्यंत घालून. पुढचं तुमच्या कामावर आणि कातडीवर ठरतं.

माझ्याकडे यंत्रमागावर काम करणारे बरेच जण येतात. त्यांच्या दाढीत संध्याकाळी कापसाची बारीक तूस अडकलेली असते, घामाने चिकटून बसलेली. त्यांनी घरी गेल्यावर आधी कोरडा कंगवा फिरवावा, मग रोज पाणी आणि एक दिवसाआड शॅम्पू. दिवसभर एसीत बसणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदाही पुरतो. तेलकट चेहरा असेल तर तीनदा. वय वाढलं की कातडीचं तेल कमी होतं, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या काकांना मी दोनदाचं एकदा करायला सांगतो.

जास्त धुतलं जातंय हे कसं ओळखायचं? संध्याकाळी दाढीवरून हात फिरवला की करकरते, हनुवटीखाली बारीक पांढरं निघतं. कमी धुतलं जातंय हे त्याहून सोपं. नखाने हनुवटीखाली हलकं खरवडा, नखात पिवळसर चिकट थर आला तर शॅम्पू वाढवा. आणि मालक, एका वेळी एकच गोष्ट बदला. शॅम्पू, तेल, कंडिशनर तिन्ही एका दिवशी बदलले तर दोन आठवड्यांनी फरक पडला तो कशाने पडला, हे देवालाही सांगता येणार नाही.

नेमकं धुवायचं कसं? मी तर फेस आणतो आणि पाणी ओततो.

इथेच बहुतेकांचं चुकतं. फेस केसांवर येतो, पण मळ असतो केसांखाली.

अंघोळीच्या शेवटी नाही, सुरुवातीला दाढी भिजवा, म्हणजे अंगाला साबण लावून होईपर्यंत ती भिजत राहते. पाणी कोमट. हिवाळ्यात बंबातलं कढत पाणी तोंडावर घेतलं की बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडते. काबुली चण्याएवढा शॅम्पू तळहातावर घ्या, त्यात थोडं पाणी घालून दोन्ही हातांनी चोळून फेस करा, मग लावा. घट्ट शॅम्पू थेट दाढीत घातला तर तो एकाच जागी बसतो आणि धुऊन निघत नाही.

आता बोटांची पेरं केसांतून आत घाला, कातडीला लागेपर्यंत. नखं नाहीत, पेरं. जबड्याच्या हाडाखालून सुरुवात करा, हनुवटीच्या खळीत जा, खालच्या ओठाखालचा छोटा झुपका विसरू नका, मग मिशीच्या दोन्ही कोपऱ्यांत. चहा, आमटी, तंबाखू सगळं त्या कोपऱ्यांत साठतं. मिनिटभर पुरे.

धुताना मान वर करा. माणूस वाकून तोंडावर पाणी मारतो तेव्हा हनुवटीखाली फेस तसाच राहतो. तिथेच दुसऱ्या दिवशी खाज येते आणि दोष शॅम्पूला जातो. मान वर करून, केस बोटांनी विंचरत, चोळलंत त्याच्या दुप्पट वेळ पाणी घाला. मग पंचाने दाबून टिपा. टॉवेलने खसाखसा पुसलं की केस तुटतो, टोकं फाटतात.

बोअरच्या पाण्याने दाढी राठ होते का?

होते. हे मी स्वतः शिकलो आणि उशिरा शिकलो.

दादरच्या सलूनमध्ये तलावांचं पाणी यायचं, तानसा, वैतरणा, भातसा. ते मृदू पाणी आहे, थोड्या शॅम्पूला ढीगभर फेस. सोलापूरला परत आलो तेव्हा तिथे वापरायचो त्याच शॅम्पूचा मोठा कॅन सोबत घेऊन आलो. दुकान नवं होतं, नळाला रोज पाणी नसायचं, म्हणून सगळं काम बोअरवर चालायचं. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांच्या दाढ्या वाळल्यावर काथ्यासारख्या लागायला लागल्या. मी शॅम्पू वाढवला, तर आणखी राठ. कॅन खराब निघाला असं वाटून घरी घेऊन आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, केस काय मऊ होणार!"

काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की पांढरा चिवट साका तयार होतो, तोच बादलीच्या कडेला बसतो आणि तोच दाढीत बसतो. शॅम्पूचा असा साका होत नाही, पण क्षार केसावर चढायचे ते चढतातच. नंतर वर कितीही तेल लावा, ते तेल केसाला नाही, क्षारांच्या थराला लागतं.

तुमचं पाणी कसं आहे ते स्वयंपाकघरात विचारा. डाळ शिजायला वेळ लागतो का, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो का, गीझरचं कॉइल वरचेवर बदलावं लागतं का?

यावर उपाय साधा आहे. मी दुकानात दोन पिंपं ठेवली, एक बोअरच्या पाण्याचं, एक नळाच्या. धुवायचं बोअरच्या पाण्याने, शेवटचे दोन तांबे नळाच्या. घरी पिण्याच्या पाण्यातलं दोन तांबे वापरा. तेही नसेल तर पाणी उकळून निवू द्या, काही क्षार तळाशी बसतात, वरचं निवळ पाणी ओतून घ्या. शॅम्पूच्या बाटलीमागे 'डायसोडियम ईडीटीए' लिहिलेलं असेल तर बरं, तो घटक क्षारांना धरून ठेवतो. एक चूक मात्र बऱ्याच घरांत पाहिली आहे. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी 'फिल्टरचंच आहे' म्हणून केसांना वापरतात. उलट त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला ठेवा.

लिंबू पिळून धुण्याचा सल्लाही फिरतो. लिंबाचा रस चेहऱ्यावर राहिला आणि माणूस उन्हात गेला तर कातडीवर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. आपल्याकडच्या उन्हात तर तो विचारही नको.

कंडिशनर खरंच लागतं, की बायकांचं आहे म्हणून पुरुषांना विकतात?

दाढी बोटाच्या एका पेराहून आखूड असेल तर लागत नाही, पैसे वाचवा. त्याच्या पुढे लागतं, आणि कारण सरळ आहे. कातडीतून जे तेल पाझरतं ते आखूड केसाच्या टोकापर्यंत पोचतं, लांब केसाच्या टोकापर्यंत पोचत नाही. मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडी अशी दाढी तुम्ही पाहिली असेल, ती याच कारणाने.

कंडिशनर म्हणजे पातळ तेल नव्हे. ओल्या केसावर ऋण भार असतो आणि केस जिथे झिजलेला असतो तिथे तो जास्त. कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार असतो. त्यामुळे जिथे गरज जास्त तिथेच तो जास्त चिकटतो, आणि पाणी घातलं तरी सगळा निघून जात नाही. बाटलीमागे सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड अशी नावं दिसतील, ती हीच. 'सेटिल अल्कोहोल' वाचून काही जण बाटली परत ठेवतात. ते दारूसारखं उडून जाणारं अल्कोहोल नाही, मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. त्याने केस कोरडा होत नाही.

डोक्याचंच कंडिशनर चालतं. शॅम्पूनंतर दाढी पिळून जादा पाणी काढा, शेंगदाण्याएवढं कंडिशनर घ्या, केसाच्या मधल्या भागापासून टोकाकडे लावा, दोन मिनिटं थांबा. थांबलेल्या वेळात रुंद दातांचा कंगवा फिरवा, गुंता सोडवायची खरी वेळ तीच. मुळाशी चोळू नका, विशेषतः पुटकुळ्या येत असतील तर. शॅम्पू आठवड्यातून दोनदा असला तरी कंडिशनर तीन-चारदा लावायला हरकत नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा मी स्वतः एक दिवसाआड नुसतं कंडिशनर लावून धुतो, शॅम्पूला हातही लावत नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला हेच केल्यावर दाढी चिपचिपीत वाटली. त्याने ते सोडून दिलं, बरोबर केलं.

मग तेलाचं काय? खोबरेल चालतं का?

चालतं, पण कुणाला आणि कधी, हे बघून.

खोबरेल केसाच्या आत शिरतं. बहुतेक तेलं वरच राहतात. २००३ साली मुंबईच्या एका कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातलं प्रथिन वाहून जाणं त्यांत फक्त खोबरेलाने कमी झालं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी स्वतः खोबरेल विकणारी होती, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं. पण आपल्या आज्या न्हाण्याआधी तेल लावत, त्यामागे तथ्य होतं एवढं खरं.

म्हणून माझी पद्धत अशी. शॅम्पूच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी थोडं खोबरेल केसांना, कातडीला नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रमही हाच आहे, आधी तेल, मग उटणं. (दाढीवाल्यांनी उटणं दाढीवर लावू नये. भरड कण आत अडकतात, भाऊबीजेपर्यंत निघत राहतात.) धुतल्यानंतर लावायचं असेल तर दोन-तीन थेंब, दाढी ओलसर असताना. कोरड्या दाढीला तेल लावून तिच्यात ओलावा येत नाही. आहे तो ओलावा तेल आत धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम.

पुटकुळ्या येणाऱ्यांना खोबरेल सोसत नाही, रंध्रं बुजतात. त्यांनी जोजोबा वापरून बघावं. नावाला तेल असलं तरी ते द्रव मेण आहे आणि कातडीच्या स्वतःच्या तेलाशी बरंच मिळतंजुळतं.

दाढीतून पांढरा भुसा पडतो. तेल लावतो तरी कमी होत नाही.

तेलामुळेच वाढत असेल. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि यावरच सगळ्यात चुकीचे सल्ले मिळतात.

भुसा दोन प्रकारचा. पहिला कोरडेपणाचा: बारीक, पांढरा, भुरभुरणारा, खाली कातडी लाल नाही. तो धुणं कमी केलं, पाणी कोमट ठेवलं, थोडं तेल लावलं की आठवडा-दोन आठवड्यांत जातो. दुसरा खरा कोंडा: खवले मोठे, पिवळसर, तेलकट, खालची कातडी लालसर, आणि बहुतेक वेळा भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यातही तेच. हा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी जोडलेला आहे. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते, काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो. ही बुरशी स्निग्ध पदार्थांवर जगते. खोबरेल, ऑलिव्ह, बदाम, बहुतेक तेलं तिचं खाद्य आहेत. माणूस कोरडेपणा समजून तेल चोपडतो आणि दुखणं वाढवतो.

यावर डॉक्टर साधारणपणे २ टक्के कीटोकोनाझोलचा शॅम्पू देतात. तो आठवड्यातून दोनदा, कातडीवर तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावून लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. त्याने केस राठ होतात, म्हणून नंतर टोकांना कंडिशनर. तेल तोवर बंद. कोंडा गेला तरी तो पुन्हा येतो, थंडीत जास्त. तेव्हा नाराज होऊन नवा डबा मागवू नका, तोच शॅम्पू अधूनमधून चालू ठेवा.

श्रावणात दाढी वाढवली. पंधरा दिवसांत एवढी खाज, की काढून टाकावीशी वाटते.

थांबा. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं. ते वाढताना वळून कातडीला टोचतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केस लांब होऊन बाजूला पडतो आणि खाज उतरते. तोवर आठवड्यातून दोनदा शॅम्पू, रोज रात्री दोन थेंब तेल, आणि नखं कापलेली. कुरळे केस आत वळून गाठी झाल्या तर चिमट्याने उकरू नका, शेक द्या. तुरटीही नको, ती गुळगुळीत केलेल्या दाढीसाठी, वाढत्या दाढीला आणखी कोरडं करते.

शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ?

शिकेकाई चांगली, साबणापेक्षा तर खूपच. पण गाळलेलं पाणी घ्या, भुकटी नाही, आणि फक्त शिकेकाईवर कोंडा जाईल अशी आशा ठेवू नका. रिठ्याचा फेस छान होतो, पण दाढी डोळ्यांपासून चार बोटांवर आहे आणि रिठा डोळ्यांत गेला की तासभर डोळे लाल. डाळीचं पीठ वाळून केसांत गोळ्या होतात. मी नाही म्हणतो.

कलप लावल्यावर दाढी कशी धुवायची?

कलपाने केसाच्या वरच्या थराचे बारीक खवले उघडतात, म्हणून कलपानंतर कंडिशनर चुकवू नका आणि पुढचे दोन दिवस शॅम्पू टाळा. पण याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काळ्या कलपात बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन असतं आणि काहींना त्याची जबर अ‍ॅलर्जी असते. कानामागे थोडासा लावून ४८ तास बघा. 'मी दहा वर्षं लावतोय' म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचे गाल माझ्यासमोर सुजले आहेत. अ‍ॅलर्जी अकराव्या वर्षीही सुरू होते. तेव्हापासून माझ्या दुकानात चाचणीशिवाय कलप लावत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

कधी सलून सोडून डॉक्टरकडे जायचं?

दाढीत रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडली, तर ती चाई. धुण्याने ती येत नाही आणि धुण्याने जातही नाही. कडा लाल, उचललेली, गोल पसरत जाणारी खाज असेल तर गजकर्ण असू शकतं. पूवाळलेल्या फोडांसाठीही त्वचारोगतज्ज्ञच.

मेडिकलमधून 'तीन औषधं एकत्र' असलेली खाजेची ट्यूब आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण दुप्पट पसरतं आणि औषधांना दाद देत नाही. माझ्या खुर्चीत असा माणूस आला तर मी त्याची दाढी करत नाही, समजावून परत पाठवतो, आणि तो वापरलेला टॉवेल वेगळा उकळतो. तुमच्या सलूनमध्ये पातं नवं आहे का, टॉवेल धुतलेला आहे का, हे विचारायला लाजू नका.

मिरवणुकीत गुलाल दाढीत गेला. तीन वेळा धुतली तरी गुलाबीच.

पाणी आधी लागलं, तिथेच चुकलं. गुलाल ओला झाला की कातडीला रंग देतो. आधी कोरड्या कंगव्याने, मान खाली करून सगळा झाडून काढा. मग भरपूर खोबरेल चोळा, पाच मिनिटांनी जुन्या सुती फडक्याने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर कोमट पाणी, शॅम्पू दोनदा, कंडिशनर. आणि पुढच्या वर्षी लेझीम हातात घेण्याआधी दाढीला तेल लावून निघा. विसर्जनाच्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आरशाखाली खोबरेलाची बाटली उघडी ठेवलेली असते. जाता जाता दोन थेंब घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.